मेलेल्या केबलचे हप्ते

१९०८ सालापर्यंत ब्रिटिश सरकार समुद्राखालच्या एका केबलसाठी दर वर्षी ३६,००० पौंड भरत होतं. यात तसं विशेष काही नाही, सरकारं कशाकशासाठी पैसे भरत असतात. गंमत अशी की ती केबल १८६० सालीच मेली होती. व्हिक्टोरिया राणी गेली, सातवा एडवर्ड गादीवर आला, तरी लाल समुद्राच्या तळाशी गंजून पडलेल्या त्या तारेचे हप्ते मात्र वेळच्या वेळी जातच होते. होम लोन घेतलेल्यांना यातलं दुःख वेगळं सांगायला नको. फरक इतकाच की आपल्याला निदान फ्लॅट तरी मिळतो (बिल्डरच्या मनात आलं तर!).

हा हिशोब कसा झाला ते आधी सांगतो. १० मे १८५७ ला मेरठमध्ये उठाव झाला. त्याची बातमी लंडनला पोचली ती जूनच्या अखेरीस, म्हणजे जवळजवळ दीड महिन्यानं. हिंदुस्थानात तोवर तारायंत्र आलेलं होतं, युरोपात तर होतंच. पण मधला सगळा तुकडा बोटीवर अवलंबून. साम्राज्याचा सगळ्यात मोठा मुलूख हातातून जायची वेळ आली आणि मालकाला ते कळायला सहा-सात आठवडे लागले! मग जी धावपळ उडाली त्यात 'रेड सी अँड इंडिया टेलिग्राफ कंपनी' पुढे आली. सुएझपासून लाल समुद्रातून एडन आणि तिथून अरबस्तानच्या किनाऱ्यानं कराची, असा मार्ग. भांडवल ८ लाख पौंड. सरकारनं घाईघाईत हमी दिली, भांडवलावर साडेचार टक्के, ५० वर्षं. केबल चालो वा न चालो. ही शेवटची ओळ ज्यानं मंजूर केली त्याच्या धाडसाला सलाम.

सुएझ ते एडन केबल १८५९ मध्ये टाकून झाली, एडन ते कराची १८६० मध्ये. आणि पुढचा तुकडा जोडेपर्यंत मागचा मेलेला, असा प्रकार झाला. लाल समुद्राचा तळ म्हणजे काही आपल्या हॉलमधली फरशी नव्हे. प्रवाळाचे उंचवटे, मध्ये खोल घळी. केबल टाकताना ती थोडी सैल सोडावी लागते, म्हणजे ती तळाच्या चढउतारांवर नीट बसते. इथे ती ताणून टाकली. त्यामुळे दोन उंचवट्यांच्या मध्ये ती दांडीवरच्या दोरीसारखी लोंबत राहिली. त्या कोमट पाण्यात बाहेरची बारीक लोखंडी वेष्टणं भराभर गंजली, वर समुद्री जीव चिकटून वजन वाढलं, आणि एक दिवस कट्. लंडन ते हिंदुस्थान असा एकही संदेश त्या पूर्ण मार्गावरून गेला नाही.

(जाता जाता एक. या केबलच्या विद्युत तपासणीसाठी १८५९ मध्ये वेर्नर सीमेन्स स्वतः तिथे गेला होता. तोच तो, ज्याचं नाव आज फ्रीजपासून रेल्वेपर्यंत दिसतं. परतताना त्याची बोट लाल समुद्रातल्या खडकावर आपटली आणि बाकीच्या उतारूंबरोबर तोही काही दिवस एका ओसाड खडकाळ बेटावर अडकून पडला. सिनेमा निघेल एवढा ऐवज आहे.)

आता कुणी म्हणेल की नवीन तंत्रज्ञान होतं, पहिल्या वेळी चुका व्हायच्याच. मीही तेच धरून चाललो असतो. पण याच्या आदल्याच वर्षी आणखी एक मोठी केबल बुडाली होती, आणि ती का बुडाली हे सांगू शकणारा माणूस त्याच कंपनीच्या संचालक मंडळावर बसलेला होता.

ती केबल म्हणजे अटलांटिकची. ५ ऑगस्ट १८५८ ला आयर्लंड आणि न्यूफाउंडलँड जोडले गेले. अमेरिकेत तोफा, रोषणाई, मिरवणुका! व्हिक्टोरिया राणीनं अमेरिकेच्या अध्यक्षांना शुभेच्छा पाठवल्या. संदेश ९८ शब्दांचा, जायला लागले सुमारे १६ तास. म्हणजे शब्दाला दहा मिनिटं. आपण 'टायपिंग...' बघत दहा सेकंद थांबलो तरी चिडतो.

एवढा वेळ का लागत होता? यातली भानगड समजायला सोपी आहे. जमिनीवरची तार खांबांवर हवेत असते. समुद्राखालची तार म्हणजे मध्ये तांबं, भोवती रबरासारखं आवरण आणि बाहेर खारं पाणी. दोन वाहक आणि मध्ये विरोधक, म्हणजे हजारो मैल लांबीचा एक कपॅसिटर. एका टोकाला टाकलेला विजेचा ठोका दुसऱ्या टोकाला ठोका म्हणून निघतच नाही. ओल्या सुती वातीवर शाईचा ठिपका ठेवून बघा. ठिपका पुढे सरकतो पण सरकता सरकता पसरतो, फिका होतो. शेजारी दुसरा ठिपका ठेवलात तर काही वेळानं कुठला कुठला ते कळत नाही. ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन यांनी १८५४-५५ मध्येच याचं गणित मांडलं होतं. केबलची लांबी दुप्पट केली तर हा उशीर दुप्पट नाही, चौपट होतो. उपाय म्हणजे तांबं जाड घ्या, आवरण जाड घ्या, आणि विजेचा दाब बेताचाच ठेवून दुसऱ्या टोकाला अतिशय नाजूक उपकरण लावा. हेच थॉमसन पुढे लॉर्ड केल्विन झाले.

कंपनीचा मुख्य 'इलेक्ट्रिशियन' होता वाइल्डमन व्हाइटहाउस. पेशानं सर्जन, विजेचे प्रयोग हौसेचे. १८५६ मध्ये त्यानं जाहीर सभेत थॉमसनचा नियम खोडून काढला. प्रयोग करून, आकडे देऊन! आज त्याची टर उडवणं सोपं आहे, पण मला तो पूर्ण मूर्ख वाटत नाही. त्याच्याकडे प्रयोग होते. फक्त तो काय मोजतोय हे त्याला कळत नव्हतं. आणि त्याचं म्हणणं कंपनीच्या सोयीचं होतं, कारण जाड तांबं म्हणजे जास्त पैसा आणि जास्त वेळ. थॉमसन संचालक झाले तोवर बारीक तारेची ऑर्डर देऊन झाली होती. स्पेक फ्रीज! पुढचं सगळं ओळखीचं वाटेल. केबल लवकर व्हावी म्हणून काम दोन कारखान्यांना अर्धं अर्धं वाटून दिलं. दोन्ही अर्ध्या केबल तयार झाल्यावर लक्षात आलं की बाहेरच्या लोखंडी तारांचा पीळ एकीचा उजवा आणि दुसरीचा डावा आहे. सरळ जोडल्या तर वजनानं एकमेकींचा पीळ उलगडणार. मग सांध्यासाठी खास लाकडी खाचा करून वेळ मारून नेली. इंटिग्रेशन टेस्टिंग शेवटच्या आठवड्यात करायची परंपरा किती जुनी आहे बघा.

केबल पडली, संदेश कसेबसे जाऊ लागले. व्हाइटहाउसला वाटलं जोर कमी पडतोय. त्यानं पाच-पाच फूट लांबीची इंडक्शन कॉइल लावून जवळजवळ २००० व्होल्टचा दाब दिला. आवरणात आधीच कुठे कुठे खोट होती, केबलचा काही भाग टाकण्याआधी उन्हात पडून होता. त्या कच्च्या जागा फुटल्या. जो काही संदेशव्यवहार होत होता तो थॉमसनच्या आरशाच्या गॅल्व्हानोमीटरवर होत होता. एक इवलासा आरसा, त्याला चिकटवलेलं चुंबक, आणि भिंतीवर हलणारा प्रकाशाचा ठिपका. श्रेय मात्र व्हाइटहाउस आपल्या यंत्राला देत होता. महिनाभरात केबल गप्प झाली. तोवर कंपनीनं व्हाइटहाउसला घरी पाठवलं होतं.

मरण्याआधी त्या केबलनं एक काम मात्र केलं, आणि त्याचा संबंध थेट आपल्याशी येतो. हिंदुस्थानातला उठाव मोडायला माणसं हवीत म्हणून कॅनडातल्या दोन पलटणींना परत यायचे हुकूम टपालानं गेले होते. ऑगस्ट १८५८ अखेर इकडचं चित्र बदललं होतं, त्या पलटणींची गरज उरली नव्हती. लंडनहून केबलवरून हुकूम गेला की येऊ नका. पलटणी हलल्याच नाहीत आणि सरकारचे निदान ५०,००० पौंड वाचले. एवढ्या मोठ्या केबलचा पहिला खणखणीत उपयोग तो हा. पुढच्या वर्षी सरकार लाल समुद्रात पैसे ओतायला का तयार झालं, हे यावरून कळतं.

तर दोन प्रचंड अपयशं. लोक उघडपणे म्हणू लागले की एवढ्या खोल समुद्रात केबल टिकणं शक्यच नाही. काहींना तर १८५८ चे संदेश ही शेअर बाजारातली बनवाबनवी वाटत होती. धंदा इथेच संपला असता. तो संपला नाही याचं कारण माझ्या मते कुठलाही शोध नाही. त्याचं कारण एक चौकशी समिती आहे! हे वाक्य भारतात बसून लिहिताना बोटं थोडी अडखळतात, पण खरं आहे.

१८५९ मध्ये ब्रिटिश सरकारचं बोर्ड ऑफ ट्रेड आणि अटलांटिक टेलिग्राफ कंपनी यांनी मिळून एक समिती नेमली. अध्यक्ष कॅप्टन डग्लस गाल्टन. चार माणसं सरकारची, चार कंपनीची, म्हणजे जिची केबल बुडाली ती कंपनीही चौकशीच्या टेबलावर. आणि त्यांनी सगळ्यांना बोलावलं. केबल बनवणारे, टाकणारे, जहाजांवरचे, थॉमसन, खुद्द व्हाइटहाउससुद्धा. आवरणाच्या सामानाचे, तांब्याचे, दोरांचे प्रयोग करवून घेतले. १८६१ मध्ये जाडजूड अहवाल छापला आणि तो सगळ्यांसाठी खुला होता. त्यात पहिली धक्कादायक गोष्ट म्हणजे नुसती मोजदाद. तोवर जगात सुमारे ११,००० मैल समुद्री केबल टाकून झाली होती आणि त्यातली चालू होती जेमतेम ३,००० मैल.

दुसरी गोष्ट म्हणजे निष्कर्ष. केबल का मेल्या? तर समुद्रामुळे नाही. प्रत्येक अपयशामागे टाळता येण्यासारखं कारण होतं. तळाची नीट पाहणी नाही, रचना घाईची, कारखान्यात तपासणी नाही, साठवणूक वाईट. ही कारणं दूर केली तर खोल समुद्रातली केबल इतर कुठल्याही उद्योगाइतकीच भरवशाची होऊ शकते, असं समितीनं म्हटलं.

मी एकदा एका प्रोजेक्टवर होतो (नाव कशाला घ्या). तिथे सिस्टिम रात्रभर बंद पडली, ग्राहकांचा आरडाओरडा झाला, आणि आठवड्यानं जो 'पोस्टमॉर्टेम' फिरला त्यात मूळ कारण म्हणून दोन शब्द होते, 'ह्यूमन एरर'. पुढे उपाययोजना, 'टीमला सूचना दिल्या आहेत'. सहा महिन्यांत तेच पुन्हा झालं. त्या पार्श्वभूमीवर १८६१ चा हा प्रकार मला फार मोठा वाटतो. सगळं व्हाइटहाउसच्या माथी मारून मोकळं होणं किती सोपं होतं! बळीचा बकरा हातात आयता होता, नोकरीवरून काढलेलाही होता. पण त्याला गुन्हेगार ठरवून पुढची केबल चालली नसती, कारण लाल समुद्राच्या केबलमध्ये व्हाइटहाउस कुठेच नव्हता.

या सगळ्यातून एक गोष्ट अशी निघाली की जी आपण शाळेत पाठ केली. तोवर विजेचा अवरोध मोजायला सर्वमान्य एककच नव्हतं. कुणी 'इतके मैल तांब्याच्या तारेएवढा' असं म्हणायचं, आणि तांबं तरी कुणाचं? थॉमसन यांनी १८५७ मध्येच दाखवलं होतं की दिसायला सारख्या तांब्याच्या तारांची वाहकता शुद्धतेप्रमाणे बरीच वेगळी असते. लाल समुद्राची केबल बनत असताना फ्लीमिंग जेन्किन या तरुण इंजिनिअरनं कारखान्यात बसून आवरणाचा अवरोध मोजला होता. १८६१ मध्ये थॉमसनच्या पुढाकारानं ब्रिटिश असोसिएशननं एककं ठरवायला समिती नेमली आणि त्याच वर्षी लॅटिमर क्लार्क आणि चार्ल्स ब्राइट या केबलवाल्यांनी सुचवलं की एककांना शास्त्रज्ञांची नावं द्यावीत. ओहम आणि व्होल्ट असे समुद्रातून बाहेर आले. दहावीला हे कुणी सांगितलं असतं तर ओहमच्या नियमाशी माझं जरा बरं जमलं असतं.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. १८६४ मध्ये कराचीच्या बाजूनं इराणच्या आखातातून केबल पडली, ती नीट तपासून केलेली होती आणि टिकली. ती वाहून आणणाऱ्या जहाजांपैकी 'ट्वीड' आणि 'असाये' ही दोन मुळात आपल्या मुंबईच्या गोदीत, वाडियांच्या हाताखाली बांधलेली. आखातापासून पुढे मात्र संदेश तुर्की मुलखातून जमिनीवरच्या तारांनी जायचे. प्रत्येक ठाण्यावर तो वेगळा कारकून हातानं उतरवून पुढे पाठवणार, त्याला इंग्रजी येत असेलच असं नाही. लंडनहून निघालेली तार मुंबईत कित्येक दिवसांनी, आणि कधी ओळखू न येणाऱ्या अवस्थेत पोचायची. १८६६ मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य जहाजानं अटलांटिकची केबल शेवटी टाकली. जाड तांबं, जाड आवरण, आणि वेग मिनिटाला सुमारे ८ शब्द. शब्दाला दहा मिनिटांवरून इथवर, आठ वर्षांत.

मग पाळी आली मुंबईची. मँचेस्टरचा कापडवाला जॉन पेंडर, 'ब्रिटिश इंडियन सबमरीन टेलिग्राफ कंपनी' आणि पुन्हा तेच 'ग्रेट ईस्टर्न'. सुएझ कालवा नोव्हेंबर १८६९ मध्येच उघडला होता, पण २११ मीटर लांबीचं हे धूड त्यात मावणारं नव्हतं. ते आफ्रिकेला वळसा घालून आलं. पोटात हजारो मैल केबल, आणि उन्हानं तिचं आवरण मऊ पडू नये म्हणून अख्खं जहाज पांढरं रंगवलेलं. उन्हात पडून खराब झालेली १८५८ ची केबल आठवतेय ना? १४ फेब्रुवारी १८७० ला मुंबईहून ते एडनच्या दिशेनं केबल सोडत निघालं आणि महिनाअखेर एडनजवळ पोचलं. पूर्ण वेळ एक माणूस अंधाऱ्या खोलीत बसून प्रकाशाचा तो ठिपका बघत होता. ठिपका जागचा हलला की कुठेतरी दोष आला, आणि मोजलेल्या ओहमवरून दोष किती मैलांवर आहे तेही कळायचं. आपल्या मॉनिटरिंग डॅशबोर्डचे हे खापरपणजोबा. पुढचा तुकडा त्याच लाल समुद्रातून गेला, सुएझपर्यंत. या वेळी ती टिकली.

२३ जून १८७० च्या रात्री पेंडरच्या लंडनमधल्या घरी मोठी मेजवानी होती. प्रिन्स ऑफ वेल्स हजर. तिथून व्हाइसरॉय लॉर्ड मेयोंना सिमल्याला तार गेली, उत्तर आलं. दीड महिन्यांची गोष्ट आता मेजवानीचे पाहुणे घरी जायच्या आत होत होती.

आपल्याकडच्या सामान्य माणसाला त्याचा काय उपयोग झाला? जवळजवळ काहीच नाही. तार महागडी होती. ती परवडायची सरकारला आणि पेढ्यांना. मुंबईनं १८६५ साली कापसाचा फुगा फुटताना पाहिला होता. अमेरिकेतलं युद्ध संपलं, भाव कोसळले, प्रेमचंद रायचंदांसारखा माणूस (ज्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर) धुळीला मिळाला. अशा गावात लिव्हरपूलचा आजचा भाव आजच कळणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. व्यापाऱ्यांनी शब्दांचे पैसे वाचवायला सांकेतिक कोश केले, एका शब्दात अख्खं वाक्य. डेटा कॉम्प्रेशन, खिशाला चाट बसते म्हणून.

आणि एक किंमत अहवालात कुणी मांडली नाही. केबलचं आवरण गट्टापर्चाचं, म्हणजे मलाया-बोर्निओकडच्या एका झाडाच्या चिकाचं. हा चीक काढायला झाड सरळ तोडायचे, आणि एका झाडातून निघायचा जेमतेम पाव-अर्धा किलो. केबल होती टनांच्या हिशोबात. सिंगापूरच्या जंगलातली ती झाडं बघता बघता संपली. चौकशीत तांबं, लोखंड, समुद्राचा तळ, माणसांच्या चुका सगळं मोजलं गेलं, झाडं सोडून.

आज खंडाखंडांमधला जवळजवळ सगळा डेटा समुद्राखालूनच जातो. तांब्यातून नाही, काचेच्या केसासारख्या तंतूंमधून. (मधल्या रिपीटरना वीज पुरवायला आज १०,००० व्होल्टपर्यंत दाब देतात. व्हाइटहाउसला कळलं असतं तर केवढा खूश झाला असता!) आणि मार्ग? युरोपकडे जाणाऱ्या आपल्या बऱ्याच केबल अजून लाल समुद्रातूनच जातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये हुथींच्या हल्ल्यात सापडलेलं 'रुबीमार' हे जहाज नांगर फरफटत भरकटत गेलं आणि त्याच सुमारास तिथल्या तीन केबल तुटल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ आणखी दोन तुटल्या, त्या दोन्ही मुंबईत उतरतात. त्या आठवड्यात युरोपातल्या सर्व्हरवरची कामं का रेंगाळताहेत म्हणून जे कपाळाला हात लावून बसले होते, त्यांना कारण आता कळलं असेल. जगात वर्षाला असे दीड-दोनशे दोष येतात, बहुतेक मासेमारीची जाळी आणि नांगर यांमुळे. पण कुठली केबल नक्की कशानं तुटली, दुरुस्तीला का उशीर झाला, याचा १८६१ सारखा खुला, साद्यंत अहवाल सहसा बघायला मिळत नाही. कंपन्या आपापसात काय बोलत असतील ते असो.

दुरुस्तीची पद्धत मात्र ओळखीची आहे. किनाऱ्यावरून प्रकाशाचा ठोका सोडतात आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून दोष किती किलोमीटरवर आहे ते काढतात. मग तिथे जहाज जातं. १८६६ मध्ये 'ग्रेट ईस्टर्न'नं आदल्या वर्षी तुटून बुडालेली केबल साडेतीन किलोमीटर खोलीवरून वर काढली होती, दोराला लोखंडी गळ बांधून आणि तो तळावरून ओढत नेऊन. कित्येकदा गळ रिकामा आला, कित्येकदा केबल वर येता येता निसटली. आजही जहाज दोष असलेल्या जागी पोचलं की बहुतेकदा पहिली गोष्ट पाण्यात सोडतं ती म्हणजे दोराला बांधलेला गळ.